आपला तो बाब्या

मावशी कॅनडाहून पार्सल पाठवायची तेव्हा त्यातल्या काचेच्या बाटल्या तिथल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असत. बाटल्या आईच्या, कागद माझे. मी ते फरशीवर पसरायचो, तळहाताने सुरकुत्या दाबायचो आणि त्यातली रंगीत चित्रांची पानं वेगळी काढायचो. बटाट्यासारख्या नाकाची, केसांचा अंबाडा घातलेली एक बाई त्यात हमखास सापडायची आणि बहुतेक वेळा ती कोणावर तरी ओरडत असायची. पुढचं पार्सल यायला वर्ष-दीड वर्ष लागलं, तर तेवढ्यात त्या बाईचा मुलगा तिच्या खांद्याला लागलेला! मला ते काही पटेना. माझ्या ओळखीची चित्रांतली मंडळी सगळी जिथल्या तिथे थांबलेली असत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला. त्याच्या बरोबरीची पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातात. चिंटूचं वय मात्र तसूभर वाढलेलं नाही, आणि वाढूही नये.

ती बाई म्हणजे एली पॅटर्सन. मालिकेचं नाव ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’. ख्रिस्ती लग्नात वधूवर जी शपथ घेतात तिच्यातले हे शब्द. दिवस बरे येवोत की वाईट, सोबत सोडायची नाही, असा त्यांचा भाव. लिन जॉन्स्टन या कॅनडाच्या चित्रकर्तीने ९ सप्टेंबर १९७९ रोजी ही मालिका सुरू केली आणि २००८च्या ऑगस्टअखेरीस तिचं कथानक संपवलं. टोरोंटोजवळच्या मिलबरो नावाच्या काल्पनिक उपनगरातलं एक मध्यमवर्गीय घर. दाताचा डॉक्टर जॉन, त्याची बायको एली, मुलगा मायकेल, मुलगी एलिझाबेथ, उशिरा झालेलं शेंडेफळ एप्रिल आणि फार्ली नावाचा केसाळ कुत्रा. घरातलं कॅलेंडर मात्र खरं. वाचकाचं एक वर्ष गेलं की पॅटर्सनांचंही जायचं. भरभराटीच्या काळात दोन हजारांहून जास्त वर्तमानपत्रांत ही मालिका रोज छापून येत होती.

पुढची प्रकरणं या घराच्या दोषांविषयी आहेत. हे ऐकून एका मित्राने विचारलं, “अरे, शाईने काढलेल्या माणसांशी कसलं भांडण करतोस?” प्रश्न रास्त आहे. पण हाच मित्र रात्री साडेआठला टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालत जेवतो. ज्यांच्यासोबत आपण रोज चहा पितो त्यांच्यावर रागावायचा हक्क आपण आपोआप घेतो. आणि पॅटर्सनांच्या बाबतीत तो हक्क जरा जास्तच आहे, कारण ते म्हातारे होतात.

हा मुद्दा आधी नीट मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्या मालिकेत कोणाचं वय वाढत नाही, तिथे कोणाचं पापही साचत नाही. चिक यंगच्या ‘ब्लाँडी’मधला डॅगवुड कित्येक दशकं ऑफिसात झोपा काढतोय. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. रेज स्माइथचा अँडी कॅप हा ब्रिटिश गडी तर आळशी, दारुडा, बायकोच्या जिवावर जगणारा; त्याचा दोष हाच त्याचा धंदा. उद्या तो सुधारला तर मालिका बंद पडेल. अशा पात्रांवर टीका करणं म्हणजे विदूषकाला नाक लाल का म्हणून विचारणं. पण ज्या घरात मुलं मोठी होतात, आजी मरते, घर विकलं जातं, तिथे कालची चूक आज आठवते. तिथे खातेवही असते. अशी वही ठेवणारी ही पहिली मालिका नव्हे. फ्रँक किंगच्या ‘गॅसोलिन अ‍ॅली’मध्ये १९२१ साली दारात सापडलेलं तान्हं बाळ पुढे वाचकांसोबत वाढत गेलं. पण घरगुती कटकटीची, म्हणजे कोणी कोणाला काय बोललं आणि कोणी ते गिळलं याची, इतकी बारीक नोंद जॉन्स्टनबाईंच्या आधी कोणी ठेवली नव्हती.

त्यामुळे माझी तक्रार पॅटर्सनांमध्ये दोष आहेत ही नाही. दोष नसते तर मी चार दिवसांत कंटाळलो असतो. माझी तक्रार अशी की मालिकेच्या उत्तरार्धात हे दोष चितारणाऱ्या हाताला दिसेनासे झाले. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपल्याकडे शेजारणींच्या भांडणासाठी राखून ठेवलेली आहे. ती एका मालिकेच्या शेवटच्या दहा वर्षांना इतकी फिट्ट बसेल असं मला वाटलं नव्हतं.

सुरुवात मात्र अगदी उलट होती. हॅमिल्टन शहरात जॉन्स्टनबाई पहिल्या खेपेला गरोदर होत्या. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या कोऱ्या छताकडे बघत बसावं लागतं, अशी तक्रार त्यांनी आपले डॉक्टर मरे एन्किन यांच्याकडे केली. मग तूच काहीतरी काढ, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी छतासाठी ऐंशी चित्रं काढून दिली. त्यातूनच १९७३ साली ‘डेव्हिड, वुई आर प्रेग्नंट!’ हे पुस्तक निघालं. ही जन्मकथा मला महत्त्वाची वाटते. उताणी पडलेली, पाय टांगलेली, हतबल बाई जे छत बघते त्यावरचा हा विनोद. तो वरून खाली बघणाऱ्याचा नाहीच, खालून वर बघणाऱ्याचा आहे.

पहिल्या दहा वर्षांतली एली तशीच आहे. तिच्याकडे जरा जवळून बघा. सिंकमध्ये भांडी, कडेवर एलिझाबेथ, पायाशी मायकेल कसल्याशा कारणासाठी भोकाड पसरून बसलेला. आवाज दाखवायला अक्षरं फुग्यात मावत नाहीत, चौकटीबाहेर सांडतात. जॉन येतो, काहीतरी अक्कलशून्य बोलतो. एलीचे डोळे बशीएवढे होतात. ती किंचाळते, मुलांना फटका देते, दार आपटते. आणि शेवटच्या चौकटीत? शेवटच्या चौकटीत ती एकटी उभी असते आणि तिला कळलेलं असतं की आपण आपल्या आईसारखं बोललो. किंवा मूल झोपलेलं असतं आणि ती अपराधी चेहऱ्याने त्याच्या पलंगाशी. चूक तिची, भुर्दंडही तिलाच. वाचणाऱ्या लाखो आयांना हसू यायचं ते त्यामुळे. आपल्या घरातलं गुपित कोणीतरी फोडलं आणि तरी आपण वाचलो, अशा सुटकेचं ते हसू होतं. अमेरिकी व्यंगचित्रकारांच्या संघटनेचा रूबेन हा सर्वोच्च पुरस्कार १९८५ सालासाठी जॉन्स्टनबाईंना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुरस्कार गेला तो या फटका देणाऱ्या आणि मग रडणाऱ्या एलीच्या जिवावर, असं माझं मत आहे.

जॉनचंही तेच. सुरुवातीचा जॉन म्हणजे घरकामाला हात न लावता बायकोच्या वजनावर विनोद करणारा पुरुष. पण त्याच्या प्रत्येक शेऱ्याचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या चौकटीत चुकता व्हायचा. मालिका त्याच्या बाजूने नव्हती, आणि खरं तर कोणाच्याच बाजूने नव्हती.

म्हणून मी या पुस्तकात एकच मोजपट्टी वापरली आहे आणि ती इथेच उघड करतो. चित्रपट्टी वाचून झाली की विचारायचं: चुकलं कोण, आणि भरलं कोणी? ज्याने चूक केली त्यानेच भरलं तर ठीक. दुसऱ्याने भरलं आणि मालिकेला ते ठाऊक आहे, तर फारच छान, ती शोकांतिका. दुसऱ्याने भरलं आणि मालिकेला त्याचा पत्ताच नाही, तर मात्र लेखणी उचलायची.

मधल्या प्रकाराचं उदाहरण आहे एप्रिल १९९५ मधलं. चार वर्षांची एप्रिल घराजवळच्या, पाणी चढलेल्या नदीकाठी जाते आणि घसरते. घरातल्या मोठ्यांचं लक्ष नसतं. म्हातारा फार्ली तिच्यामागे उडी घेतो, तिचं डोकं पाण्यावर धरून ठेवतो. माणसं धावत येतात, पोरगी वाचते. थंडीने आणि दमाने त्या कुत्र्याचं हृदय मात्र बंद पडतं. चूक माणसांची होती, भरलं कुत्र्याने. आणि मालिका ते पुढे विसरली नाही, हसण्यावारी तर नाहीच नेलं. वाचकांची ढिगाने पत्रं आली, त्यात संतापलेली पुष्कळ. जॉन्स्टनबाईंची स्नूपी या चित्रांतल्या कुत्र्याचे जनक चार्ल्स शुल्त्झ यांच्याशी चांगली मैत्री होती. फार्लीला मारलंस तर मी स्नूपीला ट्रकखाली घालीन, म्हणजे तुझी गोष्ट कोणी वाचणार नाही, असं शुल्त्झ यांनी बजावल्याचा किस्सा त्या नेहमी सांगत. आज ओंटारियोत गरजू लोकांच्या आजारी जनावरांवर उपचार व्हावेत म्हणून पशुवैद्यकांच्या संघटनेने चालवलेल्या संस्थेला फार्लीचंच नाव आहे. कागदावरच्या कुत्र्याचं याहून मोठं श्राद्ध काय असणार?

त्याच्या दोन वर्षं आधीची, १९९३ मधली गोष्टही या मोजपट्टीवर खरी उतरते. मायकेलचा शेजारी आणि लहानपणचा मित्र लॉरेन्स आपण समलिंगी असल्याचं घरी सांगतो. त्याची आई कॉनी, एलीची जिवाभावाची मैत्रीण, आधी ऐकूनच घेत नाही आणि मग सावत्र बाप त्याला घराबाहेर काढतो. रात्रीत मुलगा हरवतो आणि त्याची शोधाशोध सुरू होते. चांगली माणसं कशी वाईट वागतात ते त्या काही आठवड्यांत स्वच्छ दिसतं. कॉनीला सोडून दिलेलं नाही आणि राक्षसीणही केलेलं नाही. काही वर्तमानपत्रांनी तेवढे दिवस दुसरी चित्रं छापली, काहींनी मालिका कायमची बंद केली. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीत जॉन्स्टनबाईंचं नाव होतं.

मग बिनसलं कुठे? एका दिवसावर बोट ठेवता येत नाही. दूध नासतं तेव्हाही नेमका क्षण सापडत नाही. पण एक खूण मी सांगू शकतो. उत्तरार्धातल्या पट्ट्यांची शेवटची चौकट बघा. कोणीतरी शब्दाची कोटी करतं आणि मग डोळे तिरके, ओठाचा एक कोपरा वर: आपल्याच विनोदावर खूश झालेला चेहरा. पूर्वी त्या जागी लाज होती, आता तिथे समाधान बसलं. चित्र अधिक रेखीव झालं होतं, पार्श्वभूमी भरगच्च झाली होती, रेषेवरची हुकमत तर वाढलीच होती. फक्त त्या चेहऱ्यावरची लाज पुसली गेली.

मायकेल घ्या. लहानपणी बहिणीला छळणारा हा पोरगा पुढे लेखक होतो. त्याच्या राहत्या जागेला आग लागते. बायको-मुलं बाहेर आली आहेत आणि हा परत आत धावतो, कशासाठी, तर कादंबरी असलेला लॅपटॉप आणायला. आता या प्रसंगात विनोद आहे, भीती आहे, आणि लेखक नावाच्या प्राण्यावर झणझणीत टीका तर आयती वाढून ठेवलेली आहे. १९८३ मधल्या जॉन्स्टनबाईंनी यातून एलीची अशी काही चौकट काढली असती की मायकेलला जन्मभर तोंड लपवावं लागलं असतं. इथे मात्र तो जवळजवळ वीर ठरतो. पुढे नियतकालिकातली नोकरी तो सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी सोडतो आणि लगेच प्रकाशकाचा होकार येतो. पुण्य केलं, बक्षीस हातात. ज्यांनी कधी हस्तलिखित पाठवून पोस्टमनची वाट पाहिली आहे त्यांनी हा भाग बसूनच वाचावा.

एलिझाबेथची गोष्ट जास्त लागते, कारण तिच्यात आधी फार मोठी आशा होती. ती शिक्षिका होते आणि उत्तर ओंटारियोतल्या म्टिग्वाकी या काल्पनिक ओजिब्वे गावात शिकवायला जाते. हे गाव उभं करताना जॉन्स्टनबाईंनी तिथल्या मूलनिवासी मंडळींची मदत घेतली होती आणि ते चित्रांत दिसतं. माणसं तिथे सजावटीला ठेवलेली नाहीत. तिला तिथे पॉल राइट नावाचा पोलीस भेटतो. मुलगी घरापासून लांब जाऊन माणूस म्हणून उभी राहतेय असं वाटेपर्यंत कथेचा दोर मिलबरोकडे ओढला जातो. एलिझाबेथ परत येते. पॉल दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर सापडतो. वाट मोकळी. कोणासाठी? तर शाळेतला जुना मित्र अँथनी केन याच्यासाठी.

अँथनीवर या पुस्तकात एक आख्खं प्रकरण आहे आणि ते लिहिताना माझा संयम दोनदा सुटला, हे कबूल करतो. अँथनी विवाहित आहे. त्याची बायको तेरेझ फ्रेंचभाषक, करिअर करणारी, मूल नको असलेली. मी सांभाळीन असं सांगून तो तिला मुलासाठी तयार करतो. मुलगी होते, तेरेझ पुन्हा नोकरीवर जाते आणि इथून पुढे मालिका तिला खलनायिकेच्या जागी बसवते. तिचं आईपण कमी पडतं याच्या नोंदी चोख ठेवल्या जातात. नवऱ्याचं मन लग्नाआधीपासून दुसरीकडेच होतं याची नोंद मात्र कुठे नाही. घटस्फोट होतो, दोष तिच्या पदरात पडतो. मुलगी, घर आणि पुढे एलिझाबेथ, असं सगळं अँथनीला मिळतं. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

आणि एक प्रसंग तर असा की तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एलिझाबेथवर कामाच्या ठिकाणी एक माणूस जबरदस्ती करू बघतो. अँथनी तिला सोडवतो. इथपर्यंत ठीक. त्यानंतर, ती मुलगी अजून सावरलेली नाही अशा वेळी, हा गृहस्थ आपल्या मोडत्या संसाराचं गाऱ्हाणं सुरू करतो आणि तिला थांबायला सांगतो. चौकटीत तो दुःखी दिसावा असंच काढलं आहे. आपल्याला वाईट वाटावं अशी अपेक्षा आहे, पण वाईट कोणासाठी वाटावं याचं उत्तर चित्रकर्तीकडे एक आहे आणि वाचकाकडे दुसरंच. अशा जागी मालिका आणि तिचा वाचक यांचा काडीमोड होतो. २००८च्या उन्हाळ्यात एलिझाबेथ आणि अँथनीचं लग्न लागलं तेव्हा निष्ठावान वाचकांपैकी अनेक जण अक्षता टाकायला नव्हते, दात खायला आले होते.

एप्रिलबद्दल इथे थोडंच सांगतो. शेंडेफळ म्हणून ती लाडकी असायला हवी. पण मोठ्या भावाच्या जागेला आग लागली की त्याचं कुटुंब हिच्या घरात येतं. मग आईबाप ते घर मोठ्या मुलालाच विकतात आणि स्वतः जवळच्या लहान घरात जातात. शाळेत शिकणारी एप्रिल सामानाबरोबर हलवली जाते. तिने कुरकुर केली की ती वयात आलेल्या मुलीचा नखरा ठरते. तिच्या कुरकुरीत तथ्य असेल अशी शंकाही कोणाला येत नाही, ना एलीला, ना जॉनला, ना मालिकेला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या प्रत्येक घरात एक एप्रिल असते. पाहुणे आले की तिची गादी बाहेरच्या खोलीत. फरक इतकाच की आपल्या घरी निदान आजी तिच्या हातावर गुपचूप लाडू ठेवते.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं हा माझाच बाब्या-कार्टं न्याय होईल. याच उतरत्या वर्षांत एलीचे वडील जिम यांना अर्धांगाचा झटका येतो आणि त्यांची वाचा जाते. पुढच्या पट्ट्यांत त्यांच्या मनातलं आपल्याला लख्ख वाचायला मिळतं. तिरकस, मिश्कील, संतापलेलं, पूर्वीइतकंच तल्लख. पण फुग्यात येतो तो एखादाच अडखळलेला, भलताच शब्द. समोरची माणसं त्या शब्दालाच उत्तर देतात, मोठ्याने आणि सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशी. आयरिस, त्यांची दुसरी बायको, थकते, चिडते, पुन्हा उठते. मी माझ्या आजोबांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या कॉटशी बसलेलो आहे. ‘पाणी’ म्हणायचं असताना ते ‘चावी’ म्हणत आणि आम्ही शहाणे घरभर चावी शोधायचो. जिमच्या त्या पट्ट्या वाचल्या तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की आजोबांना आतून ती शोधाशोध कशी दिसत असेल. ज्या हाताने तेरेझवर अन्याय केला त्याच हाताने, त्याच सुमारास, हे काढलं. म्हणजे हात थकला होता हे स्पष्टीकरण पुरत नाही. जिम या घराचा होता, तेरेझ बाहेरची होती, मला तरी एवढंच कारण दिसतं.

इथे एक कुंपण घालतो. जॉन्स्टनबाईंच्या आयुष्यातलं पुष्कळ काही या मालिकेत आलं आहे हे उघड आहे आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. त्यांचे पती दंतवैद्य होते. पॅटर्सनांची थोरली दोन मुलं त्यांच्या स्वतःच्या मुलांवरून बेतली. २००७ मध्ये बाईंचा आणि त्यांच्या पतींचा संसार मोडला, त्याच सुमारास कागदावर एलिझाबेथची गोष्ट लग्नाच्या दिशेने चालली होती. काही टीकाकारांना ही जुळणी म्हणजे किल्लीच सापडल्यासारखी वाटली. अमुक पात्र म्हणजे तमुक माणूस, हा सूड, ती भरपाई, अशी उकल सुरू झाली. मला ती खिडकीतून डोकावण्यासारखी वाटते. बाईंच्या घरात काय झालं ते बाईंचं. चौकटीच्या चार रेघांच्या आत जे छापलं ते माझं, कारण त्याचे पैसे मी मोजले आहेत. तेरेझवरचा अन्याय सिद्ध करायला मला चित्रकर्तीच्या स्वयंपाकघरात जायची गरज पडत नाही, तो पानावरच आहे.

दुसरं कुंपण काळाचं. कथानक संपल्यावर मालिका बंद झाली नाही. २००८च्या सप्टेंबरपासून तिने पुन्हा १९७९ गाठलं. आधी जुन्यात थोडं नवं मिसळून, आणि २०१० नंतर निव्वळ जुनं. त्यामुळे एक गंमत झाली. शेवटची एली डोळ्यांसमोर असलेले वाचक पुन्हा पहिल्या एलीकडे गेले आणि तिच्यावर तुटून पडले. बघा, ही तेव्हापासूनच अशी होती! मुलांना मारते, नवऱ्यावर खेकसते, सतत रडगाणं. हे मला मान्य नाही. १९८०ची आई मुलाला धपाटा घालते म्हणून आज तिला कोर्टात उभं करणं सोपं आहे. तसं तर आपल्या सगळ्यांच्या आयांना उभं करावं लागेल. शिवाय त्या जुन्या पट्ट्यांत धपाट्यानंतरची चौकटही आहे. ती न वाचता निकाल द्यायचा तर मग उत्तरार्धातल्या जॉन्स्टनबाईंनी तेरेझचं जे केलं तेच आपण एलीचं करतो.

या कारणाने मी पात्रांची प्रकरणं कालक्रमाने लावलेली नाहीत, तर ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त मांडलं गेलं आणि सगळ्यात कमी वसूल झालं त्या क्रमाने लावली आहेत. पहिला मायकेल, मग अँथनी. जॉनचं प्रकरण आटोपशीर आहे. त्याचा आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा नाद मला प्रिय असल्यामुळे मी त्याच्याशी जरा मऊ वागलो आहे, वाचकाने तेवढी सूट कापून घ्यावी. एलीला दोन प्रकरणं लागली. एकात ती मावेना. तेरेझवर लिहायला मालिकेने साहित्यच फार थोडं दिलं आहे. जिच्यावर इतका मोठा ठपका ठेवला तिला स्वतःच्या मनातलं बोलायला किती कमी फुगे मिळाले, ते मी मोजून लिहिलं असतं तर तेवढंच प्रकरण पुरलं असतं.

चित्रं या पुस्तकात नाहीत. मूळ संग्रह जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधूनमधून मिळतात. मला चार मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर मिळाले, एकाच्या पहिल्या पानावर कोणीतरी कोणाला लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या. मिळाल्यास माझ्या आधी ते वाचा. आणि माझी प्रकरणं कुठूनही उघडलीत तरी चालेल, एप्रिलचं तेवढं शेवटी ठेवा. त्याआधी १९९५ सालच्या नदीकाठच्या पट्ट्या बघून या. त्या मुलीला वाचवायला त्या घरातून पहिली उडी कोणी घेतली होती, ते लक्षात असू द्या.